घातांकी वाढ आणि क्षय: सूत्रामागचे कारण

मित्रहो, घातांकी फलनाचे सूत्र आपल्यापैकी अनेकांना परिचित आहे, म्हणून मी त्यामागच्या गृहीतकाविषयी अधिक बोलणार आहे. एखाद्या राशीत दर क्षणाला होणारा बदल त्या क्षणी शिल्लक असलेल्या राशीच्या प्रमाणात असेल, तर ती राशी घातांकी नियमाने वाढते किंवा घटते. एवढे मान्य केले की वाढीला दुपटीचा ठराविक काळ आणि क्षयाला ठराविक अर्धायुष्य, म्हणजे राशी निम्मी होण्याचा काळ, मिळतो, मग राशी लहान असो वा मोठी. पण बदल राशीच्या प्रमाणात का व्हावा, याचे उत्तर गणित देत नाही. ते ज्या त्या विषयातच शोधावे लागते.

कार्बन-१४ या किरणोत्सारी कार्बनच्या बाबतीत हे उत्तर भक्कम आहे. एखाद्या अणुकेंद्राचा क्षय नेमका केव्हा होईल हे सांगता येत नाही. मात्र पुढच्या वर्षभरात तो होण्याची शक्यता प्रत्येक केंद्राला सारखीच असते, आणि त्या केंद्राचे वय किती वा शेजारी कोणते अणू आहेत याच्याशी तिचा संबंध नसतो. त्यामुळे दर ५७३० वर्षांनी कार्बन-१४ निम्मा उरतो. विलर्ड लिबी यांनी १९४९ मध्ये याच आधारावर प्राचीन अवशेषांच्या कालमापनाची पद्धत मांडली आणि १९६० मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने उत्खनन केलेली ताम्रपाषाणयुगीन वसाहत साधारण इ.स.पू. १६०० पासूनची मानली जाते. अशा ३६०० वर्षांपूर्वीच्या कोळशात मूळ कार्बन-१४ पैकी सुमारे ६५ टक्के उरलेला असतो. पन्नास हजार वर्षांनी तो पाव टक्क्याच्याही खाली जातो, आणि तिथे या पद्धतीची मर्यादा येते.

येथेही एक अडचण आहे, आणि ती मला फार बोधप्रद वाटते. क्षयाचा दर अचूक असला तरी आरंभीची राशी किती होती हे ठाऊक असावे लागते. वातावरणातील कार्बन-१४ चे प्रमाण सर्व काळ सारखे होते असे सुरुवातीला धरले गेले. ते तसे नव्हते. म्हणून आज झाडांच्या वार्षिक वलयांशी ताडून या कालनिर्णयाची दुरुस्ती केली जाते.

आता भारताची लोकसंख्या घ्या. १९६१ च्या जनगणनेत ती ४३.९ कोटी होती, तर १९९१ मध्ये ८४.६ कोटी. ही वाढ वर्षाला सुमारे २.२ टक्के पडते, आणि सोप्या अंदाजी नियमाप्रमाणे ७० ला २.२ ने भागले की दुपटीचा काळ सुमारे ३२ वर्षे येतो. लोकसंख्येचे लॉगॅरिथम घेऊन आलेख काढला तर या तीस वर्षांचे बिंदू जवळजवळ एका सरळ रेषेत बसतात. इतके सुबक जुळलेले आकडे पाहून ती रेषा पुढे वाढवण्याचा मोह होतो. १९८१ च्या ६८.३ कोटींना त्याच दराने तीस वर्षे पुढे नेले, तर २०११ साठी सुमारे १३२ कोटी येतात. प्रत्यक्षात जनगणनेत १२१ कोटी भरले.

हा अकरा कोटींचा फरक का पडला? माणसांचा जन्मदर अणुकेंद्राच्या क्षयदरासारखा निसर्गाने बांधून दिलेला नसतो. मृत्युदर झपाट्याने उतरला आणि जन्मदर मागे रेंगाळला, म्हणून काही दशके वाढीचा दर स्थिर भासला. पुढे मुलींचे शिक्षण, बालमृत्यूंतील घट आणि कुटुंबनियोजन यांनी तो खाली आणला. १९५० च्या दशकात एका स्त्रीमागे सरासरी सहाच्या आसपास मुले होती. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ती संख्या २.० भरली.

अशा वेळी बेल्जियन गणिती फेर्हुल्स्ट यांनी १८३८ मध्ये मांडलेला वक्र पुढे केला जातो. लोकसंख्या एका कमाल मर्यादेकडे जाऊ लागली की त्यात वाढीचा दर आपोआप मंदावतो. आकड्यांना तो बऱ्यापैकी बसेलही. परंतु भारतातील वाढ अन्न वा जागा संपल्यामुळे मंदावलेली नाही, त्यामुळे जुळला तरी तो कारण चुकीचे सांगेल. शिवाय प्रजननदर २.० वर आल्यानंतरही लोकसंख्या काही दशके वाढत राहते, कारण आधीच्या मोठ्या पिढ्या अजून तरुण आहेत. ही वाढ समजून घ्यायची तर एका दराचे सूत्र बाजूला ठेवून वयोगटवार जन्म आणि मृत्यूंचा हिशेब मांडावा लागतो.