साल टाकू नका: जपानी घरातली लिंबं आणि संत्री

नमस्कार श्रोतेहो.

घरात लिंबू आणलं की आपण ते चिरतो, पिळतो आणि साल टाकून देतो. लोणच्याचं लिंबू सोडलं तर सालीला आपल्याकडे फारसं कुणी विचारत नाही. जपानी घरात मात्र काही फळं रसापेक्षा सालीसाठीच आणली जातात. ती साल रश्शात पडते, मसाल्यात जाते, आंघोळीच्या पाण्यातसुद्धा उतरते. जपानी जेवण म्हटलं की आपल्याला सोया सॉस आणि कच्चा मासा आठवतो. पण त्या स्वयंपाकाचं मन कळायला हवं असेल तर आधी ही आंबट फळं पाहावीत, असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात युझूपासून करते. दिसायला हे फळ अगदी साधं. पिवळं, मोसंबीहून थोडं लहान, सालीवर खाचखळगे. कापलं तर आत बियाच बिया, रस जेमतेम. पण नखाने साल जरा खरवडली की खोलीभर वास पसरतो. लिंबाचा तीव्रपणा, संत्र्याची गोडी आणि फुलासारखं काहीतरी, असा तो वास. मूळचं चीनचं हे झाड शेकडो वर्षांपूर्वी जपानात आलं आणि तिथलंच झालं. ते थंडी इतर लिंबूवर्गीय झाडांपेक्षा पुष्कळ जास्त सोसतं, म्हणून डोंगराळ गावांतही टिकलं.

हे फळ वापरण्याची रीत पाहण्यासारखी आहे. समुद्री शैवाल आणि सुकवलेला बोनिटो मासा यांपासून दाशी नावाचं पातळ सार करतात. त्याचा नितळ रस्सा झाकणाच्या वाडग्यात ओततात. मग धारदार सुरीने युझूच्या सालीचा नखाएवढा तुकडा काढतात. फक्त वरचा पिवळा पदर घ्यायचा. खालचा पांढरा भाग आला की कडवटपणा आलाच, म्हणून तो सुरीने खरवडून काढतात. तो तुकडा रश्शावर ठेवायचा आणि लगेच झाकण लावायचं. जेवणाऱ्याने झाकण उचललं की पहिल्यांदा वास येतो, चव नंतर. एवढ्याशा सालीने अख्ख्या वाडग्याचा ऋतू ठरतो. उन्हाळ्याच्या सुरुवातीला युझूचं पांढरं फूल रश्शावर तरंगतं, पुढे हिरव्या फळाची साल किसून घालतात आणि थंडीत पिवळ्या सालीचा तुकडा पडतो. फळ एकच, पण बाहेर कोणता महिना चालू आहे हे पानावरच कळतं.

क्युशू बेटावर हीच साल तिखटात जाते. हिरव्या युझूची साल, हिरव्या मिरच्या आणि मीठ एकत्र वाटून मुरवायचं, की झाला युझू कोशो. आपल्या ठेच्याचा जपानी भाऊच म्हणा! फरक इतकाच, की तो चिमटीने नाही तर चिमटीच्याही टोकाने घ्यायचा. भाजलेल्या कोंबडीला जरासा लावा किंवा गरम रश्शात विरघळू द्या, पुरे होतो. नूडल्सवर भुरभुरतात त्या शिचिमी नावाच्या सात जिनसांच्या मसाल्यातही बहुतेक वेळा सुकवलेल्या संत्र्याची साल असते. म्हणजे फळ खाऊन झालं तरी त्याचं काम संपत नाही.

आता आंघोळीबद्दल. वर्षातला सर्वांत लहान दिवस येतो 21 किंवा 22 डिसेंबरला. त्या संध्याकाळी जपानभर घराघरांत गरम पाण्याच्या हौदात अख्खे युझू सोडतात. जपानी माणूस साबण लावून अंग आधी बाहेर धुतो आणि मग नुसतं शेकायला हौदात उतरतो. तेच पाणी घरातले सगळे पाळीपाळीने वापरतात. वाफेबरोबर सालीतलं तेल सुटतं, पाण्याला वास लागतो. काही जणांची कातडी त्याने चुरचुरते, म्हणून फळं कापडी पिशवीत बांधून सोडायचीही पद्धत आहे. या आंघोळीने हिवाळाभर सर्दी होत नाही, असं घरातली मोठी माणसं सांगतात. एदो काळात, म्हणजे साधारण सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, सार्वजनिक स्नानगृहांतून ही रीत रुजली आणि आजही तिथे त्या दिवशी युझू तरंगताना दिसतात. त्याच दिवशी जेवणात लाल भोपळा असतो. सणाला मोठा थाट नाही, खर्चही बेताचा, तरी चुकवावासा वाटत नाही. असे सण मला फार आवडतात.

युझू हा स्वयंपाकघराचा राजा, तर बैठकीच्या खोलीवर राज्य मिकानचं. मिकान म्हणजे आपल्या संत्र्याच्या गोतातलंच फळ, पण लहान, चपटं, सैल सालीचं आणि बिनबियांचं. हिवाळ्यात जपानी घरात कोतात्सू मांडतात. बुटकं टेबल, त्याच्या पोटात हीटर आणि वरून चारी बाजूंनी सोडलेली रजई. पाय आत घालून सगळे भोवती बसतात आणि मधोमध मिकानची टोपली. एकदा पाय ऊबेत गेले की उठायला कुणी तयार नसतं. अशा वेळी सुरी, ताटली काही न लागणारं फळच हवं!

ते सोलण्यातही प्रांताप्रांताची ऐट आहे. वाकायामा प्रांतातलं आरिदा हे मिकानसाठी नावाजलेलं गाव. तिथली लोकं फळ आधी सोलतच नाहीत. देठाची बाजू वर ठेवून खालून अंगठे घालतात आणि सालीसकट फळाचे दोन भाग करतात, मग दोनाचे चार. त्यानंतर एकेका भागातल्या फोडी सालीपासून अलगद उचलतात. शिरा बहुतेक सालीलाच चिकटून राहतात आणि चारही पाकळ्या देठाशी जोडलेल्या असल्याने कचरा सांडत नाही. शिरा काढून खायच्या की तशाच, यावरून मात्र घराघरांत वाद आहेत.

पूर्वी घरोघरी मिकानची खोकी यायची, पाच किंवा दहा किलोंची. खोकं आलं की ते उलटं करून तळाची फळं आधी तपासायची, कारण वजनाने दबलेलं एक फळ बुरशीला लागलं की शेजारची घेऊन जातं. खोकं संपेपर्यंत मुलांचे तळहात पिवळसर दिसू लागायचे. तो फळातल्या रंगद्रव्याचा परिणाम, त्याने इजा काही होत नाही. मुलं मिकानच्या रसाने कोऱ्या कागदावर चिठ्ठी लिहायची आणि कागद विस्तवावर शेकला की अक्षरं तपकिरी होऊन वर यायची. उरलेली साल सुकवून आंघोळीच्या पाण्यात.

हे बिनबियांचं फळ सुरुवातीला मात्र नकोसं होतं. त्याचा उगम जपानच्या दक्षिणेकडच्या कागोशिमा प्रांतातल्या नागाशिमा बेटाचा मानतात. सामुराईंच्या काळात बी नाही म्हणजे वंश नाही, अशी भीती होती. घराण्याला वारस हवा, मग निर्बीज फळ दारात कोण लावणार? मेजी काळात, म्हणजे 1868 नंतर, ती भीती मागे पडली आणि बघता बघता हेच फळ देशाचं झालं. आज वाकायामा, एहिमे, शिझुओका हे त्याचे मोठे प्रांत. सेतोच्या समुद्राकाठी उतरणीवर दगडी बांध घालून बागा केल्या आहेत. या बागांना तीन सूर्य मिळतात, असं तिथले शेतकरी सांगतात. एक आकाशातला, दुसरा समुद्रावरून परावर्तित होणारा आणि तिसरा तापलेल्या दगडी बांधांचा. उगाच नाही त्या फळात एवढी गोडी उतरत.

आंबट फळांत प्रांतांचा अभिमान आणखी जागा होतो. शिकोकू बेटावरच्या तोकुशिमाचा सुदाची, पिंगपाँगच्या चेंडूएवढा आणि गर्द हिरवा. देशातलं जवळजवळ सगळं सुदाची तिथलंच. क्युशूतल्या ओइताचा काबोसू, थोडा मोठा आणि जरा सौम्य. ओकिनावाचा शिकुवासा आणखी वेगळा. शरद ऋतूत सान्मा नावाचा लांबट, तेलकट मासा मीठ लावून अख्खा भाजतात. बाजूला किसलेल्या पांढऱ्या मुळ्याचा गोळा आणि अर्धं कापलेलं सुदाची. माशाच्या धुरकट तेलावर ते पिळलं की तोंडातलं जडपण लगेच उतरतं. बांगडा तळल्यावर लिंबू शोधणाऱ्या आपल्या कोकणी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नकोच.

थंडी वाढली की टेबलावरच शेगडी ठेवून मोठं भांडं चढवतात. कोबी, मशरूम, टोफू, मासे किंवा मांस, सगळं दाशीत उकळतं आणि प्रत्येकजण त्यातून उचलून आपल्या वाटीतल्या पोन्झूत बुडवून खातो. भांड्यातलं अन्न मुद्दाम सौम्य ठेवलेलं असतं, चवीचा सगळा भार पोन्झूवर. युझू, सुदाची किंवा दाइदाई नावाच्या संत्र्याचा रस, सोया सॉस, थोडी मिरिन म्हणजे स्वयंपाकातली गोडसर तांदळाची दारू, शैवालाचा तुकडा आणि मूठभर बोनिटो, हे सगळं बरणीत मुरवून गाळलं की पोन्झू तयार. 1964 मध्ये मित्सुकान कंपनीने त्याची आयती बाटली बाजारात आणली आणि आज ती जवळपास प्रत्येक फ्रिजमध्ये सापडते. सोय मोठी झाली. पण हंगामात रस काढून घरी मुरवणारी घरं अजून आहेत आणि त्या पोन्झूचा वास बाटलीला येत नाही.

नव्या वर्षाला मोचीचे, म्हणजे कुटलेल्या चिकट तांदळाच्या गोळ्याचे, दोन गोल एकावर एक रचून घरात मांडतात आणि त्यावर दाइदाई ठेवतात. हे कडवट संत्रं न तोडता झाडावर ठेवलं तर गळत नाही. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा हिरवट होतं आणि नव्या फळांच्या सोबतीने फांदीवर राहतं. आजोबा आणि नातू एकाच झाडावर! घराणं असंच नांदो, म्हणून त्याला तो मान. हल्ली पुष्कळ घरांत दाइदाईऐवजी मिकान ठेवतात, किंवा प्लॅस्टिकचं फळ येतं. मला ते खटकतं. जे झाडावर टिकतं म्हणून पूजेला आलं, ते कारखान्यातून आणायचं?

लिंबूवर्गीय फळांचा मान तिथे फार जुना आहे. ताचिबाना हे जपानचं स्वतःचं रानटी संत्रं. क्योटोच्या राजवाड्यात मुख्य सभागृहासमोर एका बाजूला चेरी आणि दुसऱ्या बाजूला ताचिबाना लावलेलं आहे. 500 येनच्या नाण्यावरही ते आहे.

आज चित्र बदलतं आहे. 1975 च्या सुमारास जपानात मिकानचं उत्पादन 36 लाख टनांवर पोचलं होतं. आता ते सात लाख टनांच्या आसपास आलं आहे. आधी अति उत्पादनाने भाव पडले, मग 1991 मध्ये परदेशी संत्र्यांची आयात खुली झाली. घरं लहान झाली, कोतात्सू कमी झाले आणि उतरणीवरचे शेतकरी म्हातारे झाले. संशोधकांनी आणि शेतकऱ्यांनी हात टेकले नाहीत. 1972 मध्ये नागासाकीत झालेल्या संकरातून देठाशी टेंगूळ असलेलं एक गोड फळ पुढे आलं. गोडी आणि आंबटपणाच्या ठरलेल्या कसोटीला ते उतरलं तरच त्याला डेकोपोन या नावाने विकता येतं.

पण मला सर्वांत मोठं काम वाटतं ते कोची प्रांतातल्या उमाजी गावाचं. डोंगरात दडलेलं, हजाराच्या आत वस्तीचं हे गाव. लाकडाच्या धंद्यावर जगायचं, तो धंदा बसला. दारची युझूची झाडं दिसायला ओबडधोबड फळं द्यायची, शहरी बाजारात त्यांना भाव नव्हता. गावच्या शेतकरी सहकारी संस्थेने फळ विकायचं सोडून रस विकायला घेतला. पोन्झू केलं, युझू आणि मधाचं सरबत केलं आणि टपालाने थेट घरोघरी पाठवायला सुरुवात केली. 1980 च्या दशकात त्यांचा माल देशभर गाजला. फळ दिसायला कसं आहे हे बाटलीतून कुणाला दिसतं? आज तिथे रस पिळून उरलेल्या बियांचं तेल काढतात आणि त्यापासून त्वचेला लावायची प्रसाधनं बनवतात.