कानाचं मशीन घेण्याआधी

(दृश्य : पऱ्हाटीचं वावर, मग गावातला पार)

"मले आवाज येते, पण बोलनं समजत नाही." पारावर बसलं की कोणी ना कोणी आबाजी हे सांगतोच. वयानं ऐकणं कमी होतं ते असंच. आधी उंच पट्टीचे बारीक आवाज जातात. स, श, फ, त निसटतात; ढोल ऐकू येतो, नातीचं बोलणं लागत नाही. जिनिंगमध्ये, थ्रेशरजवळ, राइस मिलमध्ये उमर गेलेल्यांना हे लवकर गाठतं.

(दृश्य : आठवडी बाजार, मोबाइलवरची जाहिरात)

मग लेक स्वस्तातलं मशीन आणतो. त्याची माया खरी आहे. पण असं मशीन बहुतेक वेळा सगळेच आवाज सरसकट वाढवतं : भांडी, पंखा, रस्त्यावरचा ट्रॅक्टर. चांगलं श्रवणयंत्र मात्र कान जिथे कमी पडतो, तेवढीच पट्टी उचलून देतं.

अमेरिकेत ऑक्टोबर २०२२ पासून काही श्रवणयंत्रं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय दुकानात मिळतात. तीही फक्त १८ वर्षांवरच्यांसाठी, सौम्य ते मध्यम बहिरेपणाला, आणि आवाजाची कमाल मर्यादा नियमानं बांधून. मर्यादा नसलेलं यंत्र उरलेलं ऐकणंही बिघडवू शकतं.

(दृश्य : दवाखान्यात कान तपासताना)

आधी कान दाखवा. कधी नुसता मळ असतो, डॉक्टरांनी काढला की काम झालं. घरी काडी घालू नका, गरम तेल तर नाहीच. पडद्याला भोक असलं तर त्रास वाढतो.

कान वाहतो, रक्त येतं, दुखतो, चक्कर येते, एकाच कानात सतत आवाज घुमतो किंवा एकच कान कमी झालाय, तर मशीन विकत घेऊन भागणार नाही. लहान मुलाला तर तपासणीशिवाय मशीन लावूच नये.

आणि रातोरात ऐकू येणं गेलं, तर त्याच दिवशी निघा. वेचणी आटोपू द्या, म्हणू नका. अशा वेळी औषध पहिल्या काही दिवसांतच जास्त लागू पडतं. आपल्याकडे विदर्भात सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार, पुष्कळ. त्यानंही असं होऊ शकतं, म्हणून घरात तो असेल तर डॉक्टरांना सांगा.

(दृश्य : ऑडिओमेट्रीची, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीची खोली)

नागपूरची मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, इथे कान-नाक-घसा विभाग आहेत. पात्र असाल तर एडिप (दिव्यांगांसाठीची) किंवा राष्ट्रीय वयोश्री (ज्येष्ठांसाठीची) योजनेतून यंत्र मिळतं. जिल्हा रुग्णालयात विचारा.

यंत्र मिळालं की सुरुवातीला सगळं कर्कश वाटेल. रोज थोडा थोडा वेळ घाला. टोचत असेल, शिट्टी मारत असेल तर पेटीत टाकून देऊ नका. ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकणं तपासून यंत्र बसवून देणाऱ्याकडे, परत जा, सेटिंग बदलून घ्या. एकाच खेपेत बसलं नाही तर पुन्हा जा.