माशाचं तेल आणि यकृतातली चरबी

श्रोतेहो, नमस्कार.

सोनोग्राफीच्या रिपोर्टात ‘फॅटी लिव्हर’ हे दोन शब्द दिसले की पुढचा प्रश्न ठरलेला: माशाच्या तेलाच्या गोळ्या सुरू करू का? चरबी झालीय म्हणून तेल प्यायचं, हे ऐकायलाच उफराटं वाटतं. पण त्यात तथ्य आहे.

या तेलात ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-३ मेदाम्लं असतात. यकृताच्या पेशीत शिरल्यावर ती नुसती इंधन म्हणून जळत नाहीत, तिथल्या कारभारातही हात घालतात. साखर आणि पिष्टमय पदार्थांपासून नवी चरबी बनवण्याचं काम ती मंदावतात आणि आहे ती चरबी जाळण्याचं काम वाढवतात. रक्तातले ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तात फिरणारी चरबी, वाढलेले असतील, तर रोज ४ ग्रॅम ओमेगा-३ने ते साधारण २० ते ३० टक्के उतरतात. इथवर वाद नाही.

यकृताचं गणित मात्र इतकं सरळ नाही. फॅटी लिव्हरच्या रुग्णांत ही चरबी येते कुठून, याचं मोजमाप २००५ साली प्रसिद्ध झालं. सुमारे ५९ टक्के चरबी रक्तातल्या मुक्त मेदाम्लांतून आली होती, म्हणजे बरीचशी अंगावरच्या मेदातून सुटून. २६ टक्के यकृताने स्वतः बनवलेली आणि जेवणातून थेट आलेली जेमतेम १५. माशाच्या तेलाचा लगाम बसतो तो मुख्यतः त्या २६ टक्क्यांना. मोठा लोंढा पोटावरून येतो, आणि तो अडवायला वजनच उतरावं लागतं. ७ ते १० टक्के वजन घटलं तर चरबीच काय, यकृताची सूजही ओसरू शकते.

इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनला शंभरेक रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. रोज ४ ग्रॅम ओमेगा-३, तेही सव्वा ते दीड वर्ष. सरसकट पाहिलं तर ठाम फरक दिसला नाही. पण ज्यांच्या तांबड्या पेशींत डीएचए खरोखर वाढलं, त्यांच्या यकृतातली चरबी घटलेली आढळली. मला यातला हा भाग सगळ्यात बोलका वाटतो: गोळी गिळणं वेगळं आणि ती अंगी लागणं वेगळं.

आता डबीवरची बारीक अक्षरं वाचा. समोर ठळक १००० मिलिग्रॅम, पण मागे बहुतेकदा ईपीए १८०, डीएचए १२०. म्हणजे कामाचं तेल फक्त ३००! चाचणीतला डोस गाठायला अशा तेरा-चौदा गोळ्या लागतील. तसलं काही करू नका. मोठ्या डोसने काहींच्या हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, आणि रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढीव डोस नकोच.

आणि डबीवर ‘कॉड लिव्हर ऑइल’ असेल, तर ते निराळं तेल. त्यात अ जीवनसत्त्वही असतं. ते यकृतातच साठतं आणि अति झालं तर यकृतालाच बाधतं.