नळ बंद, मशीन चालू

नाशिक, अंबड एमआयडीसी. लेथवर जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, फिरतोय, पण कूलंटची, गारवा देणाऱ्या द्रवाची, ती ओळखीची दुधट धार कुठे दिसत नाही. टिपेखालून, म्हणजे हत्याराच्या कापणाऱ्या टोकाखालून, लालभडक चिप, धातूची साल, निघतेय. ऑपरेटर नळ सोडायला विसरलेला नाही, त्यानं तो मुद्दाम बंद ठेवलाय.

जॉब हार्डनिंग करून, कडक होऊन आलाय. रॉकवेल मापात ६० एचआरसी. टिप सीबीएनची, म्हणजे क्युबिक बोरॉन नायट्राइडची. कडकपणात हिरा तिच्या वरचा, पण तापलेल्या पोलादापुढे हिरा टिकत नाही. त्याचा कार्बन पोलादात उतरतो. सीबीएन मात्र ही उष्णता सोसतं. कापायच्या जागी पोलाद तापून नरमतं, आणि बरीचशी उष्णता चिपेबरोबरच निघून जाते. जॉबला की-वे, म्हणजे चावी बसवायची खाच असेल, तर टिप दर फेरीला कापते, सुटते, पुन्हा कापते. त्यात वरून कूलंट पडलं, की तापणं-गारठणं सुरू होतं आणि धारेला बारीक तडे जातात.

मग कूलंट हवंच कशाला? मापासाठी. ५० मिलिमीटर व्यासाचा जॉब २० अंशांनी तापला, तर साधारण ११ मायक्रॉन फुगतो. बेअरिंग बसायच्या जागी एवढा फरक म्हणजे जॉब रिजेक्ट. म्हणून सलग कटला काही जण कूलंट सोडतात. सोडायचं तर भरघोस, अखंड. ठिबकणाऱ्या नळापेक्षा कोरडं बरं!

शेजारच्या ग्राइंडिंगवर, जिथे फिरत्या चाकानं जॉब घासतात, सगळं उलटं. तिथली चिप इतकी बारीक, की ती उष्णता नेणार किती? ती जॉबमध्येच शिरते. कूलंट कमी पडलं, की पृष्ठभाग जळतो. तपकिरी डाग पुढच्या पासला निघूनही जातो, पण खालचा थर नरमलेला राहू शकतो. हे डोळ्यांना दिसत नाही, ॲसिड लावून तपासावं लागतं.

इथे पाण्यात मिसळायचं सोल्युबल ऑइल गारवा जास्त देतं. पाण्याची उष्णता धरायची ताकद तेलाच्या सुमारे दुप्पट. वंगण म्हणून मात्र ‘नीट ऑइल’, म्हणजे पाणी न घालता वापरायचं तेल, सरस, चाकही कमी झिजतं. गिअर ग्राइंडिंगवाले म्हणूनच त्याला सोडत नाहीत. धूर आणि आगीची धास्ती सांभाळतात.

सोल्युबल ऑइल कालवताना आधी पाणी, मग तेल. उलटं केलं तर ते नीट मिसळत नाही. बोअरचं जड, क्षारांचं पाणी असेल, तर टाकीवर साय धरते. चांगल्या तेलाला नावं ठेवली जातात, ती बऱ्याचदा याच पाण्यामुळे.

लेथ थांबलाय. जॉब टेबलावर आहे. मायक्रोमीटर शेजारीच आहे, पण ऑपरेटर त्याला अजून हात लावत नाही. आधी चहा. तोवर जॉब निवेल.