पाण्याची मिरवणूक

(दृश्य : छोटं रेल्वे स्टेशन. पुढे बाजारपेठेचा रस्ता.)

सिडनीहून नैर्ऋत्येला निघालं की साधारण दीडशे किलोमीटरवर बंडनून लागतं. २००९च्या सुमारास दोन-अडीच हजार वस्तीचं गाव. शेजारी मॉर्टन राष्ट्रीय उद्यानाच्या खोल दऱ्या. २६ सप्टेंबर २००९ रोजी या गावातून मिरवणूक निघाली. शेकडो माणसं रस्त्यावर. कशासाठी? तर नळाच्या पाण्यासाठी!

सुरुवात झाली ती भांडणातून. सिडनीच्या एका कंपनीला इथल्या जमिनीखालचं पाणी उपसायचं होतं. ते न्यायचं सिडनीला, तिथे बाटल्यांत भरायचं, मग विकायचं. म्हणजे गावच्याच पोटातलं पाणी उद्या लेबल लावून गावच्याच दुकानात येणार आणि गावानं ते पैसे मोजून प्यायचं. लोकांना हे झोंबलं. पण कंपनीशी भांडता भांडता प्रश्न स्वतःकडेही वळला. उपसा नको म्हणायचं आणि बाटल्या मात्र घेत राहायच्या, हे कसं शोभणार?

(दृश्य : गावातलं सभागृह.)

गावातले एक व्यावसायिक, ह्यू किंग्स्टन, पुढे झाले. मोहिमेचं नाव ‘बंडी ऑन टॅप’. गावाचं लाडाचं नाव बंडी, आणि टॅप म्हणजे आपला नळ. ८ जुलैला, ऐन थंडीत, गावात बाटलीबंद पाणी विकणं बंद करायचं का, यावर मत घ्यायला सभा भरली. तिकडे जुलै म्हणजे हिवाळा. तरी साडेतीनशेहून जास्त माणसं आली. विरोधात मतं पडली अगदी नगण्य. एक हरकत मात्र दखल घेण्याजोगी होती : साधं पाणी हटवलंत, तर लोक गोड पेयांकडे वळतील. खोटं नव्हतं ते. बंदी होती ती फक्त साध्या बाटलीबंद पाण्यावर. कोला आपल्या जागी तसाच होता.

आणि बंदी म्हणजे कायदा नव्हे. दंड नाही, पावती नाही. दुकानदारांनी आपणहून माल काढला. पाणी विकून सुटणारे पैसे त्यांनी सोडले, हे आपण व्यापाऱ्यांच्या घरातले असू तर चटकन कळेल. त्याऐवजी त्यांनी विकायला ठेवल्या पुन्हा पुन्हा भरता येणाऱ्या रिकाम्या बाटल्या.

(दृश्य : नळाखाली धरलेली बाटली. पाणी काठापर्यंत येतं.)

त्या बाटल्या भरायच्या कुठे? मिरवणुकीच्या दिवशी त्याचंच उद्घाटन झालं. रस्त्याकडेला गाळलेल्या पाण्याचे नवे नळ, फुकट. आपण याला सरळ पाणपोई म्हणू. फक्त रांजण नाही, ओला फडका नाही, साखळीला बांधलेला पेला नाही. ज्याची त्याची बाटली.

गावाची सभा झाली, त्याच सुमारास त्यांच्या न्यू साउथ वेल्स राज्याचे प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, नेथन रीस यांनीही सरकारी खात्यांना बाटलीबंद पाण्याची खरेदी थांबवायला सांगितलं होतं.

(दृश्य : दुकानाचा फ्रिज. पाण्याचा कप्पा रिकामा. शेजारी कोला, ओळीनं.)