गारव्याचे पैसे

श्रोतेहो, नमस्कार.

तहानलेला माणूस दुकानातल्या काचेच्या दाराच्या फ्रीजसमोर काय करतो, ते कधी बघा. दार उघडतो, पुढच्या दोन बाटल्या बाजूला सारतो आणि पार कोपरापर्यंत हात आत घालून मागची बाटली ओढून काढतो. मागची जास्त गार असते ना! बाहेर आल्याबरोबर बाटलीला घाम फुटतो. मग पैसे द्यायची वेळ येते आणि घाम फुटायची पाळी आपली. "एवढे? परवापरवापर्यंत तर..."

मीही हेच म्हणत आलोय. म्हणून आज या "एवढे"बद्दलच बोलू या. शीतपेयाची एकच बाटली, गार, तिथल्या तिथे प्यायची. त्याच दुकानात, चार पावलांवर, फळीवर दोन लिटरची साधी बाटली उभी असते. मिलिलिटरमागे हिशोब केला, तर ती इतकी स्वस्त पडते की दोन्हींत एकच पेय आहे यावर विश्वास बसू नये. पण पेय तेच असतं.

पहिला संशय साहजिकच विजेवर जातो. गार करायला खर्च येत असेल! जरा मांडून बघू. अर्धा लिटर पेय ३० अंशांवरून ४ अंशांवर आणायचं, तर त्यातून साधारण ५५ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. विजेच्या एका युनिटात असतात ३६०० किलोज्यूल. म्हणजे जेवढी उष्णता काढायची तेवढी वीज लागते असं धरलं, तरी एका युनिटात साठ-पासष्ट बाटल्या गार होतील. चांगला फ्रीज तर त्याहून कमी विजेत हे काम करतो. तेव्हा बाटली गार करणं हा खर्च म्हणावा असा खर्चच नव्हे.

खर्च असतो तो बाटली गार *ठेवण्याचा*. काचेचं दार, आत दिवा, दर पाच मिनिटांनी कुणीतरी दार उघडून विचार करत उभं. गिऱ्हाईक येवो न येवो, ते कपाट रात्रभर घरघरत राहतं. शिवाय दुकानातली मोक्याची जागा त्यानं अडवलेली असते. बरेचदा फ्रीज शीतपेयाच्या कंपनीनेच दिलेला असतो, आणि त्याबदली आत आमच्याच बाटल्या ठेवायच्या अशी अट असते. शेजारी दुसरी स्वस्त बाटली का दिसत नाही, याचं उत्तर पुष्कळदा या अटीत असतं.

दुसरा खर्च वेष्टनाचा. आतलं द्रव्य म्हणजे बहुतांश पाणी, मग साखर, थोडा वायू, थोडा स्वाद. कॅन मात्र ॲल्युमिनियमचा. खनिजापासून एक किलो ॲल्युमिनियम काढायला १४ युनिटांच्या आसपास वीज जाते. रिकामा कॅन भरतो जेमतेम १३-१४ ग्रॅम, पण दर वेळी नवा लागतो. धातूचा किंवा विजेचा भाव चढला की त्याची झळ छोट्या मापाला जास्त बसते. दोन लिटरला एक झाकण, एक लेबल, आणि पाव लिटरलाही एक झाकण, एक लेबल. साखर घातलेल्या पेयांवरच्या करांचं मात्र तसं नाही. मेक्सिकोने २०१४ मध्ये लिटरमागे एक पेसो कर लावला. असा कर मोठ्या बाटलीवर मापाप्रमाणे जास्तच पडतो. त्याने किमती वाढतात, पण लहान-मोठ्यातली ही दरी त्याने पडत नाही.

एवढं सगळं जमेला धरूनही आकडा काही जुळत नाही. उरतो तो भाग तहानेचा. कंपन्या मालाचे सरळ दोन भाग करतात: घरी न्यायचा आणि लगेच प्यायचा. घरी न्यायचा माल घेताना माणूस तुलना करतो, सवलतीची वाट बघतो. लगेच प्यायचा माल घेणाऱ्याच्या घशाला कोरड पडलेली असते, आणि कोरड पडलेला घसा घासाघीस करत नाही. भाव वाढवायची वेळ आली की आधी कुठे वाढवायचा, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

अशाच एका शीतपेयाचा भाव एके काळी जवळजवळ सत्तर वर्षं जागचा हलला नव्हता, हे सांगितलं तर पटेल? कोका-कोला १८८६ साली अमेरिकेत निघाला तो ५ सेंटला, आणि १९५० च्या दशकापर्यंत पुष्कळ ठिकाणी ५ सेंटलाच मिळत होता. यात दयाबुद्धी नव्हती. १८९९ मध्ये कंपनीने बाटल्या भरण्याचे हक्क दोन वकिलांना देऊन टाकले आणि त्यांना द्यायच्या सिरपचा, म्हणजे पेयाच्या गोड अर्काचा, भाव बांधून दिला. बाटलीची कल्पना चालेल असं मालकांना वाटलंच नव्हतं! मग कंपनीच्या हाती एकच उरलं: खप वाढवणं. तिने भिंती-भिंतींवर "५ सेंट" रंगवून टाकलं. पुढे विक्रीची यंत्रं आली, तीही पाच सेंटचं एकच नाणं घेणारी. दहाचं नाणं घ्यायचं तर भाव एकदम दुप्पट! १९५३ मध्ये कंपनीचे रॉबर्ट वुड्रफ यांनी थेट राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना साडेसात सेंटचं नाणं पाडायची सूचना केली. सरकारने काही ते मनावर घेतलं नाही.

आता नाण्याची अडचण उरलेली नाही, आणि भाव न वाढवता वाढवायची युक्तीही सापडली आहे. ३०० मिलिलिटरची बाटली २५० ची करा, किंमत तीच ठेवा: झाली २० टक्के वाढ. बाटलीची कंबर जरा बारीक केली की हाताला कळतसुद्धा नाही. २२२ मिलिलिटरचे छोटे कॅन आले तेव्हा सांगितलं गेलं की कमी प्या, तब्येतीला बरं. बरंच आहे. पण त्या तब्येतीचा मिलिलिटरमागचा दर बघा.

१९९९ मध्ये कोका-कोलाचेच तेव्हाचे प्रमुख डग्लस आयव्हेस्टर एका मुलाखतीत बोलून गेले की उकाडा वाढला की आपोआप भाव वाढवणारं यंत्र करता येईल. केवढा गहजब झाला! कंपनीला सारवासारव करावी लागली. मला वाटतं, लोक चिडले ते त्यांनी हे उघड बोलून दाखवलं म्हणून. काचेच्या दाराचा फ्रीज तेच काम मुकाट्याने करतो, तेव्हा आपण मागची बाटली निवडून घेतो.

मग मोठी बाटली आणून घरीच गार करावी? मी केलं. ०° च्या पाण्यात २०° च्या पाण्यापेक्षा जवळजवळ दुप्पट कार्बन डायऑक्साइड मावतो, म्हणून झाकण उघडायच्या आधी रात्रभर फ्रीजमध्ये ठेवली. पहिला पेला झकास. दुसऱ्या दिवशी बुडबुडे निम्मे. तिसऱ्या दिवशी नुसतं गोड पाणी. उरलेलं अर्धा लिटर बेसिनमध्ये ओतलं आणि मग स्वस्त बाटलीचा हिशोब पुन्हा मांडायला बसलो, या वेळी दोन लिटरला नव्हे, दीड लिटरला भागून. तरीही मोठीच स्वस्त निघाली. पण काल बाहेरून येताना हात पुन्हा फ्रीजमध्ये कोपरापर्यंत गेलाच.

नमस्कार.