अँथ्रॅक्सच्या बीजाणूवरची लव

नमस्कार मंडळी. धडधाकट गाय अचानक मेली आणि नाकातोंडातून काळपट, न गोठणारं रक्त आलं, की जाणते शेतकरी बजावतात: फाशी झालीय, कातडं सोलू नका. फाशी म्हणजे अँथ्रॅक्स. माणसाच्या कातडीवर होतो तेव्हा तीच काळपुळी.

सोलायचं का नाही? रक्तातल्या जिवाणूंना हवा लागली की त्यांचे बीजाणू होतात आणि मातीत दशकानुदशकं तग धरतात. स्कॉटलंडच्या ग्रुइनार्ड बेटावर १९४२ मध्ये ब्रिटिशांनी मेंढ्यांवर या बीजाणूंची चाचणी घेतली. ते बेट सुरक्षित जाहीर व्हायला १९९० उजाडलं!

आता हा बीजाणू जवळून बघू. त्याच्या सगळ्यात बाहेरच्या आवरणावर बारीक लव असते, पीचच्या सालीवर असते तशी. ही लव बीसीएलए नावाच्या प्रथिनाची. तीन साखळ्यांचा पीळ, अगदी आपल्या कातडीतल्या कोलॅजेनसारखा. त्यावर साखरेचे रेणू लटकलेले, त्यांत रॅम्नोज आणि टोकाला अँथ्रोज.

आपल्या शरीरातल्या भक्षक पेशी, म्हणजे मॅक्रोफेज, ओळखतात ते याच लवेला. पेशीवरचा सीडी-१४ हा ग्राहक, म्हणजे ठरावीक रेणू पकडणारं प्रथिन, रॅम्नोज पकडतो. त्याच्या इशाऱ्यावर मॅक-१ हा दुसरा ग्राहक सज्ज होऊन प्रथिनाला घट्ट धरतो, आणि पेशी बीजाणू गिळते.

मला इथंच थांबावंसं वाटतं. ओळख पटली, शत्रू गिळला, तरी माणूस दगावू शकतो. कारण गिळलेले सगळे बीजाणू मरत नाहीत. फुप्फुसातली पेशी त्यांना छातीतल्या लसिका ग्रंथींपर्यंत घेऊन जाते, वाटेत ते रुजतात, आणि पुढं रक्तात विष सोडतात. उंदरांवरच्या प्रयोगात तर मॅक-१ नसलेल्या उंदरांनी या बीजाणूंपुढे जास्त तग धरला. पण म्हणून लवेलाच सगळा दोष देऊ नका. लव काढलेले बीजाणूही उंदरांना मारतात.

माणसांसाठीच्या प्रचलित लशी भर देतात तो विषाच्या एका प्रथिनावर. त्याच्या जोडीला बीसीएलए दिलं तर उंदरांना जास्त संरक्षण मिळतं, असंही दिसलंय. गुरांची लस वेगळी. फाशीच्या पट्ट्यात पावसाळ्याआधी टोचतात ना, त्या लशीत दुबळ्या वाणाचे जिवंत बीजाणूच असतात, त्यांच्या लवेसकट.